पेन्शनरांनो, अंगठा लावण्यापूर्वी विचारा!

वर्षावासातला रविवार होता. मावळातल्या एका गावी विहारात वंदना झाली, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले आणि त्यानंतर तिथेच सत्तरीवरील ज्येष्ठांसाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढून देण्याचा कॅम्प ठेवला होता. आम्हीही गेलो होतो. एका टेबलावर लॅपटॉप, बोटाचा ठसा घेणारे यंत्र आणि दोन तरुण पोरे. बाहेर पाऊस, आत म्हाताऱ्या माणसांची रांग. पोरे प्रामाणिकपणे काम करीत होती, चहाची सोय होती, कुणाकडून पैसा घेतला जात नव्हता. अशा कॅम्पांचे आम्ही स्वागतच करतो. पण रांगेत आमच्या ओळखीचे एक आबा दिसले आणि आमच्या काळजात धस्स झाले.

आबा देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेले. वय ७१. केंद्र सरकारचे पेन्शनर. म्हणजे त्यांच्याकडे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, ज्याला सगळे 'सीजीएचएस' म्हणतात, त्याचे कार्ड आहे. आम्ही विचारले, "आबा, तुमचं कार्ड आहे ना? मग या रांगेत कशाला?"

"आहे की. पण हे पाच लाखाचं हाय म्हणतात. असू द्या की दोन्ही. कुठं काय खायला मागतंय?"

आबांचे चुकले असे कोण म्हणेल? भिंतीवरच्या फलकावर 'पाच लाख' हा आकडा हातभर मोठा होता. दोन्ही कार्डे एकाच वेळी ठेवता येत नाहीत, हे त्या फलकावर कुठेच नव्हते. टेबलावरच्या पोरालाही ते ठाऊक नव्हते. आणि आबांच्या अंगठ्याला व यंत्राला आता फक्त तीन माणसांचे अंतर होते.

आजचा आमचा विषय हाच आहे. म्हाताऱ्या माणसाने एका सरकारी आरोग्य योजनेतून दुसरीत जायचे असेल तर कधी जाता येते, जाऊन काय मिळते, काय सुटते आणि परत फिरता येते की नाही.

आधी योजना काय आहे ते सांगतो. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून प्रधानमंत्री जनआरोग्य योजना ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला लागू झाली. उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला नाही, रेशनकार्डाचा रंग नाही. आधार कार्डावर वय सत्तर भरले की झाले. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार, जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून. नावनोंदणीला शेवटची तारीख नाही, वर्षात केव्हाही करता येते. २०१८ साली ही योजना आली तेव्हा २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत नाव असेल तरच लाभ, असा प्रकार होता. कित्येक झोपड्यांतली नावे त्या यादीत नव्हती आणि बंगलेवाल्यांची होती, अशी ओरड तेव्हा गावोगाव झाली. त्या मानाने आधारवर वय बघून कार्ड देणे ही सुधारणाच म्हटली पाहिजे. टीका करायची म्हणून आम्ही टीका करीत नाही.

पण ज्यांना आधीच सरकारी योजना आहे त्यांचे काय? सीजीएचएसचे पेन्शनर, माजी सैनिकांच्या 'ईसीएचएस'चे सभासद, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची माणसे यांच्यापुढे सरकारने पर्याय ठेवला आहे: जुनी योजना ठेवा किंवा ती सोडून या योजनेत या. दोन्ही नाही. आणि हा पर्याय एकदाच वापरायचा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना तसे कळविलेले आहे. एकदा उडी मारली की मारली.

आता तराजूत दोन्ही बाजू टाकून बघू. आबांच्या सीजीएचएसमध्ये दवाखान्यात नुसते दाखवायला जाता येते, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मिळतात, तज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवतात, रक्त-लघवी तपासतात. वय वंदना कार्डावर यातले काहीच नाही. ते कार्ड फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावर चालते. दाखल होण्याच्या आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस, एवढाच काय तो औषधपाण्याचा खर्च त्यात धरतात. सत्तरीच्या माणसाला वर्षातून एखादे वेळी खाट लागते, गोळी मात्र रोज लागते. पाच लाखांचा आकडा मोठा वाटतो खरा, पण सीजीएचएसला वर्षाला अमुक लाखच, अशी मर्यादाच नाही. ठरलेल्या दरांप्रमाणे उपचार होतात, इतकेच. ज्या आबांनी दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आयुष्यभराचे कार्ड घेतले, ते पैसे भरून झालेल्या योजनेवर पाणी सोडून फुकटच्या योजनेत जायला निघाले होते. शिवाय वय वंदना कार्ड सत्तरीवरच्यांपुरतेच. आबांची मंडळी ६३ वर्षांची आहे, तिला ते लागू नाही.

माजी सैनिकांचेही तसेच. महार रेजिमेंटमध्ये नोकरी करून आलेली माणसे मावळात आहेत, लोणावळ्याला नौदलाच्या आयएनएस शिवाजीमुळे निवृत्त नौसैनिकही आहेत. त्यांची ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, औषधे, पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवणी, आणि बायकोलाही लाभ. हे सोडून पाच लाखांच्या मागे लागणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी धावणे होय.

मग हा पर्याय कुणाच्याच उपयोगाचा नाही का? तसेही नाही. एखादा पेन्शनर सीजीएचएसच्या शहरापासून फार लांब, मुलाकडे दुसऱ्या जिल्ह्यात राहतो. जवळपास त्या योजनेचे रुग्णालय नाही, पण जनआरोग्य योजनेचे आहे. गोळ्यांचा खर्च मुलगा करतो. अशाने विचार करावा. परंतु विचार करावा, म्हणजे कागदावर लिहून, घरच्यांशी बोलून करावा. कॅम्पच्या रांगेत तीन मिनिटांत करू नये.

याच्याच शेजारची आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्राचा जो पेन्शनर सीजीएचएसच्या हद्दीबाहेर राहतो, त्याला बाह्यरुग्ण उपचारांऐवजी महिना १,००० रुपये ठराविक वैद्यकीय भत्ता घेता येतो. २०१७ पासून हा दर आहे. भत्ता घ्यायचा की दवाखाना, हा पर्याय बदलता येतो, पण तोही आयुष्यात एकदाच. निवृत्त होऊन गावी घर बांधले, अंगात रग होती, तेव्हा हजार रुपये बरे वाटले. पुढे मूत्रपिंडाचा आजार जडला, गोळ्यांचा खर्च हजाराच्या पलीकडे गेला की मग बदलण्याची संधी वापरायची. ती आधीच एखाद्या किरकोळ कारणाने वापरून बसलो तर हात चोळत बसावे लागते.

आता ज्यांना पेन्शन नाही त्यांच्याकडे वळू. आमच्या समाजात तेच अधिक आहेत.

लोणावळ्याच्या बंगल्यांचे राखणदार, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाया, चिक्कीच्या भट्टीवर उमेद घालवलेली माणसे, कंत्राटावर रस्ते झाडणारे सफाई कामगार. यांना काही सोडायचे नाही, कारण यांच्या हातात काही दिलेलेच नव्हते. यांच्यासाठी राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला जोतीरावांचे नाव मिळाले. पूर्वी तिच्यात दीड लाखांची मर्यादा होती आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डावरच बहुतेक कारभार चाले. २०२३ च्या जुलैत शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून सर्वच रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण लागू झाले. हे संरक्षण घरातल्या सगळ्यांत मिळून आहे. सुनेच्या शस्त्रक्रियेत ते संपले तर आजीला उरत नाही. म्हणून घरात कुणी सत्तरीचे असेल तर त्याने वय वंदना कार्ड जरूर काढावे. ते पाच लाख सत्तरीवरच्यांचे स्वतंत्र असतात, घरातल्या तरुणांना त्यांना हात लावता येत नाही. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून पाच लाख. इथे अदलाबदल नाही, भरच आहे. तेव्हा रेशनकार्डवाल्यांनी आमचा हा लेख वाचून घाबरून घरी बसू नये!

कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचा प्रश्न निराळा आहे. तळेगावच्या एमआयडीसीत, चिंचवड-पिंपरीच्या कारखान्यांत काम केलेल्यांचा पगारातून 'ईएसआय'चा हप्ता कापला जात होता. अशा विमाधारक कामगाराने किमान पाच वर्षे विमा भरला असेल आणि वय होऊन तो निवृत्त झाला असेल, तर वर्षाला अवघे १२० रुपये भरून त्याला व त्याच्या पत्नीला ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. महिन्याचे दहा रुपये! चिंचवडला मोहननगरात ईएसआयचे रुग्णालय आहे. किती निवृत्त कामगारांना हे माहीत आहे? आम्ही त्या विहारात हात वर करायला सांगितले, तर एकही हात वर आला नाही. हे पैसे दरवर्षी आगाऊ भरावे लागतात, तेवढे ध्यानात ठेवावे. आणि ईएसआयवाल्याने सत्तरी गाठली तर त्याला वय वंदना कार्डही मिळते, ईएसआय सोडावी लागत नाही. खाजगी विमा असणाऱ्यालाही सोडावा लागत नाही. सोडण्याची अट फक्त सीजीएचएस, ईसीएचएस यांसारख्या योजनांना आहे.

ईएसआयचे नाव निघालेच आहे तर थोडे थांबू. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ च्या मार्चमध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपविले गेले आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा अहवाल आला. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या विम्याचा पाया काय? कामगाराने भरायचे, मालकाने भरायचे, आणि त्या बदल्यात उपचार हा कामगाराचा कायदेशीर हक्क. कुणाच्या फोटोखाली उभे राहून घ्यायची ती वस्तू नव्हे. हक्काला नियम असतो, तारीख असते, आणि नाकारला तर दाद मागण्याची जागा असते. मेहेरबानीला यातले काही नसते. ती मिळाली तर मिळाली. आज पर्याय या नावाखाली पेन्शनरांपुढे जे ठेवले आहे ते या दोहोंपैकी कशात बसते, हा आमचा सवाल आहे. पर्याय म्हणायचा, पण तो केव्हा वापरला गेला हेच माणसाला कळत नसेल, आणि चूक झाली तर मागे फिरण्याची वाट नसेल, तर त्याला पर्याय म्हणायचे कसे?

अमेरिकेचे उदाहरण देतो. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. आरोग्याच्या खर्चाने तिथली माणसेही धुऊन निघतात. परंतु १९६५ च्या कायद्याने तिथे ६५ वर्षांवरील लोकांसाठी 'मेडिकेअर' आहे, आणि त्यातल्या योजना बदलायच्या असतील तर दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हा काळ ठरलेला आहे. त्याच्या आधी सरकार घरोघर पुस्तिका पाठवते. यंदा चुकले तर पुढच्या वर्षी पुन्हा बघता येते. सगळ्याच चुका दुरुस्त होतात असेही नाही, काही पूरक विम्यांची दारे एकदा बंद झाली की सहजी उघडत नाहीत. पण तारीख आहे आणि ती म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे.

आपल्याकडेही पेन्शनरांना पाठ असलेला एक महिना आहे. नोव्हेंबर! दर नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो. काठी टेकीत जातो, रिक्षा करून जातो, पण जातो. मग सरकारने त्याच महिन्यात, त्याच टेबलावर, मराठीत छापलेला एक कागद ठेवावा. डाव्या बाजूला तुमच्या जुन्या योजनेत काय मिळते, उजव्या बाजूला नव्या योजनेत काय मिळते. खाली दोन चौकोन. आणि नियम असा करावा की, ज्याने योजना बदलली त्याला पुढच्या नोव्हेंबरात परत फिरता येईल. यासाठी नवा कायदा नको, नवे खाते नको. सरकारला कदाचित अशी भीती वाटत असेल की, लोक सोयीप्रमाणे दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारतील. सत्तरीचा माणूस उड्या मारीत नाही साहेब, त्याचे गुडघे दुखतात.

त्या दिवशी रांगेत आबांच्या मागे एक आजी होती. तिचे कार्ड झाले नाही. आधारवर नुसते जन्मसाल होते, १९५९. सत्तरीला अजून काही वर्षे बाकी. आजी म्हणाली, "अरे, बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धाची मूर्ती बसवली ना, तवा मी बापाच्या खांद्यावर होते. चांगलं आठवतंय मला." ती मूर्तिस्थापना २५ डिसेंबर १९५४ ची. म्हणजे सरकारी कागदाप्रमाणे आजीचा जन्म त्या सोहळ्यानंतर पाच वर्षांनी झाला! पोरे हसली, आजीही हसली. आमच्या पिढीच्या वरच्या माणसांची ही रीतच आहे. शाळेत गेले त्यांना गुरुजींनी १ जून लावून दिला; शाळेत नाही गेले त्यांचे वय आधारच्या मशीनवाल्याने तोंडाकडे पाहून अंदाजे टाकले. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि त्याला पुरावा लागतो. पुरावा कुठून आणायचा? ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या दारात उभे केले नाही, त्यांच्याकडे शाळेचा दाखला मागायचा हा कुठला न्याय? सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरने तपासून दिलेला वयाचा दाखला या कार्डासाठी ग्राह्य धरावा, ही आमची मागणी आहे. तोवर आजीने घरच्या पिवळ्या रेशनकार्डावरची फुले योजना वापरावी, नाव त्या कार्डावर आहे ना याची खात्री करून घ्यावी. मुलगा मुंबईला गेला, त्याने वेगळे कार्ड काढले आणि आईचे नाव इकडेही नाही तिकडेही नाही, असे प्रकार मावळात घरटी सापडतील. आजार आल्यावर तहसीलला वडगावला धावण्यापेक्षा आताच जाऊन यावे.

विचारायचे कुठे, असे वाचक विचारतील. फुले योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे, आयुष्मानचा १४५५५. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटावे. भरती होण्याआधी भेटावे. पैसे भरल्यावर पावती घेऊन हिंडण्याची वेळ आणू नये. आणि सीजीएचएस, ईसीएचएसवाल्यांनी आपल्या योजनेच्या कार्यालयात लेखी विचारून, लेखी उत्तर घेऊनच पुढचे पाऊल टाकावे. विहारात कॅम्प घेणाऱ्या मंडळांनाही आमची विनंती आहे. टेबलापाशी एक जाणता माणूस बसवा, त्याने रांगेतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: "तुम्ही केंद्राचे किंवा लष्कराचे पेन्शनर आहात का?" उत्तर हो आले तर त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि घरी पाठवा.

आबा रांगेतून बाहेर आले. पुढच्या रविवारी ते डेपोतल्या आपल्या तीन जुन्या सोबत्यांना घेऊन आले. तिघेही पेन्शनर. दोघांनी अजून काही केलेले नव्हते. तिसऱ्याने दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या एका कॅम्पात अंगठा लावला होता. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणले होते. त्याने ते आमच्या हातावर ठेवले आणि विचारले, "दादा, आता माझ्या गोळ्या बंद व्हत्याल का?" आम्ही तिथेच बसून त्याला कार्यालयाच्या नावे अर्ज लिहून दिला, कार्डाची झेरॉक्स जोडली आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका म्हणून सांगितले. सोमवारी पोच मिळाली. उत्तराची वाट पाहत आहोत.